बैलाचे दात, पोर्शेचे तास

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत इंग्लंडमधल्या रेडिंगहून भाच्याचा फोन आला. दर्शनासाठी असेल म्हणून मी फोन मखराकडे वळवला, तर म्हणाला, "मामा, थांब. पोर्शेची नाइन-इलेव्हन बघतोय, जुनी. २००१ची, निळी. फक्त एकसष्ट हजार मैल झालेत आणि मालक डॉक्टर आहे."

'मालक डॉक्टर' हे वाक्य आपल्याकडच्या जाहिरातींतही असतं. डॉक्टरांच्या हातात इंजिन जास्त जगतं असं मला तरी कधी दिसलेलं नाही. माझ्या ओळखीचे दोन डॉक्टर पेशंटना दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला लावतात आणि स्वतःच्या गाडीचं ऑइल तीन-तीन वर्षं बदलत नाहीत. ते असो. भाच्याचा खरा प्रश्न पुढे होता : "सगळे म्हणतात या गाडीचं इंजिन बसतं. विश्वासार्ह आहे का ही?"

'ही' म्हणताना त्याच्या मनात मॉडेल होतं. पैसे मात्र तो एका नगाचे मोजणार होता. नवी गाडी घेताना हा फरक जाणवत नाही, कारण कारखान्यातून बाहेर पडलेले नग सारखेच असतात. वीस-पंचवीस वर्षांनी प्रत्येक नग आपापल्या मालकासारखा होतो. त्यातही घरची साधी गाडी बरंच काही सोसते. स्पोर्ट्स कार मात्र जास्तीत जास्त ताकद काढण्यासाठी बांधलेली असते, चुकीला जागा थोडी असते. थंड इंजिनावर पाय दाबणारा एक मालक आधीच्या तिघांनी जपलेलं घालवू शकतो.

माझे आजोबा बैलबाजारात जायचे. 'या जातीचा बैल चांगला का?' असं तिथे कुणी विचारत नाही. जबडा उघडून दात बघतात : दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. विकणारा वय काहीही सांगो, दात सांगतात तेच खरं. मग खूर बघायचे, चालवून बघायचा. गाडीलाही दात असतात, फक्त ते कुठे आहेत हे माहीत असावं लागतं. भाच्याच्या गाडीवर ते समजावणं सोपं, कारण या पोर्शेची दुखणी-बाणी जगभरच्या गॅरेजांनी इतकी उकरून काढलीत की लपवायला फार काही उरलेलं नाही.

आधी ते बदनाम दुखणं. पोर्शेने १९९६मध्ये उघड्या छताची बॉक्स्टर आणि त्यापाठोपाठ ९९६ नावाची नवी ९११ आणली. त्याआधीच्या सगळ्या ९११ हवेने थंड होणाऱ्या होत्या; ९९६पासून पाणी आलं. या इंजिनाचं नाव एम९६. त्यात पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट यांच्या मध्ये एक जोडदांडा असतो, त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. क्रँककडून साखळीने फिरणं घ्यायचं आणि पुढे साखळ्यांनीच दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना द्यायचं, एवढंच त्याचं काम. पण याच कामामुळे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल टिकतो. दोघंही एकाच पोकळीत आळीपाळीने येतात. ताल चुकला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन तिथल्या तिथे संपतं.

या दांड्याचं क्लचकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं आहे. जुन्या ९११मध्येही असा दांडा होता, पण तो साध्या बुशवर, दाबाखालच्या ताज्या ऑइलमध्ये फिरायचा. नव्या इंजिनात आलं ग्रीस भरून सील केलेलं बेअरिंग, तेही ऑइलने भरलेल्या जागेत. वर्षं गेली की सील कडक होतं, ऑइल हळूहळू आत झिरपतं, ग्रीस धुऊन काढतं. सील अजून जागेवरच असल्यामुळे आतलं घाणेरडं ऑइल बाहेर पडत नाही आणि ताजं आत येत नाही. गोळ्या झिजतात, दांडा डगमगतो, साखळी ताल सोडते.

सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरं टिकलं. साधारण २००० ते २००५ या काळातलं एका रांगेचं बेअरिंग सगळ्यांत नाजूक. अमेरिकेत मालकांनी यावर सामूहिक दावा लावला आणि २०१३मध्ये त्याची तडजोड झाली. तीत २००१ ते २००५च्या मॉडेलवर्षांच्या गाड्या होत्या. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं. ते मजबूत आहे, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. २००९च्या मॉडेलवर्षापासून नवं इंजिन आलं आणि हा दांडाच गेला.

म्हणजे भाच्याची २००१ची निळी गाडी बरोबर नाजूक काळातली. तरी मी त्याला लगेच 'नको' म्हटलं नाही. या काळातल्याही बहुतेक गाड्यांची बेअरिंग्ज टिकली आहेत आणि दुखणं ठाऊक असलं की त्यावर इलाज असतो. बेअरिंगपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं. म्हणून शहाणा मालक क्लच बदलतानाच बेअरिंगही बदलून घेतो, आणि क्रँकच्या मागचं ऑइल सीलही, कारण तेही तिथेच गळतं. फाइलमध्ये क्लचचं बिल शोधायचं आणि त्यात बेअरिंगची ओळ आहे का ते बघायचं. क्लच नवा आणि बेअरिंग जुनं, असं असेल तर मालकाने चार पैसे कुठे वाचवले ते कळलं. बदललेलं बेअरिंग कोणत्या प्रकारचं आहे तेही विचारायचं, कारण काही प्रकार ठरावीक अंतरानंतर पुन्हा बदलावे लागतात.

ही बेअरिंगची गोष्ट इतकी गाजली की तिच्या आडून दुसरं दुखणं निसटतं. माझ्या मते ते जास्त महागात पडतं. सिलेंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे येतात. या इंजिनांत सिलेंडर ॲल्युमिनियमचे. भिंतीत सिलिकॉनचे कडक कण मिसळलेले आणि पिस्टनच्या अंगावर लोखंडी मुलामा. मुलामा झिजला की उघडं ॲल्युमिनियम त्या कणांवर घासतं आणि भिंत ओरबाडली जाते. ९९६नंतरची ९११ म्हणजे ९९७; तिच्या पहिल्या पिढीच्या ३.८ लिटर गाड्या आणि पोर्शेचीच ३.४ लिटर केमन एस यांत हे जास्त दिसतं, आणि बहुधा ४, ५, ६ क्रमांकांच्या सिलेंडरांत. बेअरिंग बदलता येतं; इथे इंजिन खोलून नवे सिलेंडर बसवावे लागतात. इंग्लंडमध्ये हे काम दहा हजार पौंडांच्या वर जातं, म्हणजे २००१च्या साध्या ९११च्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

याची खूण कानाला आणि बोटाला कळते. इंजिन गरम झाल्यावर एकाच बाजूने टिक-टिक आवाज येतो. ऑइल खाते. आणि दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरच्या नळ्यांत बोट फिरवलं तर एका बाजूची काजळी स्पष्टपणे जास्त काळी आणि तेलकट निघते. बोट फिरवायला पैसे पडत नाहीत, पण नळ्या चकाचक पुसलेल्या असतील तर तेही लक्षात ठेवायचं. पक्की तपासणी एकच : बोअरस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला कॅमेरा. स्पार्क प्लगच्या भोकातून तो आत सोडून भिंती बघतात. जास्त खोलात जायचं तर खालून ऑइल संप, म्हणजे ऑइल साठतं ते तळाचं पात्र, काढून बघतात. कॉम्प्रेशनच्या आकड्यांवर विसंबू नका. ओरखडे असतानाही ते बराच काळ चांगले येऊ शकतात.

आता दातांकडे.

या पोर्शेंच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये दोन नोंदी असतात आणि मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा मी त्यांना जास्त मान देतो. पहिली, इंजिन एकूण किती तास चाललं. दुसरी, ते मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं आणि शेवटचं कितव्या तासाला. योग्य स्कॅनर लावला की पाच मिनिटांत कागद हातात येतो.

तासांचा उपयोग साधा भागाकार आहे. एकूण किलोमीटर भागिले एकूण तास म्हणजे गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग. ९०,००० किलोमीटर आणि २,००० तास असतील तर ताशी ४५; शहर आणि हायवे मिळून चाललेल्या गाडीला हे शोभतं. ४५,००० किलोमीटर आणि २,५०० तास असतील तर ताशी १८. मीटर मागे फिरवणारे मीटर फिरवतात, तास बहुतेकांच्या ध्यानातच नसतात. अर्थात गाडी मुंबईची असेल तर १८ हा प्रामाणिक आकडाही असू शकतो. वरळीहून अंधेरीला रोज जाणाऱ्याला विचारा. पण 'फक्त रविवारी पहाटे एक्स्प्रेसवेवर काढतो' असं सांगणाऱ्याच्या गाडीला १८ शोभत नाही.

दुसरी नोंद मॅन्युअल गिअरच्या गाडीत महत्त्वाची. ९९६मध्ये ती दोन टप्प्यांत असते. पहिला टप्पा मर्यादेच्या आसपासचा, मिनिटाला सुमारे ७,३०० फेऱ्यांचा. तिथे इंजिन स्वतःच पेट्रोल तोडतं, त्यामुळे पहिल्या टप्प्यात थोडे आकडे असले तर गाडी कुणीतरी मजेत चालवली एवढाच अर्थ. दुसरा टप्पा नुसत्या ॲक्सिलरेटरने गाठता येत नाही. तो येतो तिसऱ्यावरून चौथ्यात टाकताना हात चुकून दुसऱ्यात गेला तर. तेव्हा चाकंच इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात आणि पेट्रोल तोडून काही उपयोग होत नाही. ९९७मध्ये हीच नोंद सहा टप्प्यांत असते, वरचे टप्पे वाईट.

हे आकडे बघून लोक घाबरतात, कारण ते फेऱ्यांचे नसून ठिणग्यांचे असतात. सहा सिलेंडरच्या इंजिनात एका फेरीला तीन ठिणग्या. मिनिटाला ७,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३७५ ठिणग्या. म्हणजे ३७५ हा आकडा एका सेकंदाच्या चुकीचा. ही चूक कधी झाली ते त्याहून मोलाचं. इंजिन ३,००० तास चाललंय आणि चूक ९००व्या तासाला झाली, तर त्यानंतर २,१०० तास ते नीट चाललं. आत काही मोडलं असतं तर एव्हाना कळलं असतं. तीच चूक विक्रीच्या दहा तास आधीची असेल तर मी तरी गाडी सोडून देईन.

(याच काळातल्या ९११च्या टर्बो, जीटी२ आणि जीटी३ या गाड्यांना हे बेअरिंग नाही. त्यांत पोर्शेचे इंजिन घडवणारे अभियंते हान्स मेट्झगर यांच्या जुन्या शर्यतीच्या इंजिनांच्या वंशातलं इंजिन आहे, फार दणकट. पण त्याचंही एक आहेच : पाण्याच्या नळ्यांचे जोड गोंदाने चिकटवलेले, ते वर्षांनी आणि उष्णतेने सुटतात. ट्रॅकवर सुटले तर मागच्या चाकांखाली पाणी येतं. निर्दोष गाडी अजून कुणी बनवलेली नाही.)

भाच्याला मी म्हटलं, आधी घरी बसून एमओटीचा इतिहास उघड. इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो : त्या दिवशीचे मैल, कशात नापास झाली, कशाबद्दल तंबी मिळाली. नंबर टाकला की झालं. आपल्याकडे असं काही असतं तर अर्धा जुना बाजार उद्या बंद पडला असता. त्याशिवाय थोडे पौंड खर्च करून कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने गाडी कधी बाद ठरवली होती का, हेही बघता येतं. एस म्हणजे सांगाड्याला मार लागला होता, एन म्हणजे लागला नव्हता, असे तिथले शिक्के आहेत.

निळ्या गाडीच्या इतिहासात मैल खोटे नव्हते. पण सात वर्षांत मिळून अकराशे मैल. विकणारा हेच अभिमानाने सांगत होता : जपून ठेवली, पावसात काढली नाही.

इथे आपल्या सगळ्यांचीच नजर चुकते. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे टॅक्सीच्या बाबतीत खरं असेल. स्पोर्ट्स कार चालून जितकी झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. रबरी सील वाळतात आणि गळायला लागतात. टायरला उभ्या जागी चपटेपणा येतो. पेट्रोल शिळं होतं. आपल्याकडे आता इथेनॉल २० टक्के, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून बंद करणं तर सगळ्यांत वाईट. इंजिन पूर्ण तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्ये मिसळतं आणि आम्ल होतं. त्या सीलबंद बेअरिंगला नेमकं हेच नको असतं. वर्षाला पाच-सहा हजार मैल चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी मला केव्हाही जास्त भरवशाची वाटते.

टायरवरून हे चटकन कळतं. कडेला चार अंकी शिक्का असतो. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी आणि शिक्का दहा वर्षांचा, तर गाडी उभी होती आणि ते टायर टाकूनच द्यायचे आहेत. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात कुठे आखडतो हेही समजतं. ३०० घोड्यांच्या गाडीला मिळेल ते टायर लावणाऱ्याने ऑइल कुठलं घातलं असेल, याचा अंदाज करा.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगायची : मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बोलत बोलत मागच्या बाजूला हात लावायचा, ९११चं इंजिन मागेच असतं. थंड असेल तर चालू करायला सांगायचं आणि नळीपाशी उभं राहायचं. निळसर धुराचा लहानसा भपका चालतो. आडव्या सिलेंडरांच्या इंजिनात उभ्या गाडीत थोडं ऑइल खाली साचतंच. पांढऱ्या धुराचा ढगच उठला तर ऑइल सेपरेटर गेला, हा खर्च त्या मानाने किरकोळ. सुरुवातीला दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर साखळीचा ताण देणारे भाग जुने झालेत. थांबलीच नाही, तर चहा घेऊन परत यायचं.

शक्य असेल तर ऑइल फिल्टर कापून बघायला सांगायचा. कागदाच्या घड्यांत चमकणारे कण असतील तर त्यावर चुंबक फिरवायचं. चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंगचा संशय. न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन-सिलेंडर. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे साखळीच्या पट्ट्यांचे, त्यांची फार भीती नाही. दहा मिनिटांचं काम, आणि इंजिनाच्या पोटातलं इतकं सरळ सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्याच्या दुप्पट आकडा म्हणजे पुन्हा रंगवली, आणि हजाराच्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे. पुढचा बंपर रंगवलेला असण्यात काही नाही, खड्यांनी तो खराब होतोच. छत आणि खांब रंगवलेले असतील तर प्रश्न विचारा. नाकातल्या जाळ्यांतून टॉर्च मारून रेडिएटरही बघा. तिथे सुकी पानं साठतात, ओल धरतात आणि रेडिएटर सडतो. उघड्या छताच्या बॉक्स्टरमध्ये तीच पानं पाणी वाहून जाण्याची भोकं बुजवतात, पाणी सीटखाली साचतं आणि तिथला लॉक-अलार्मचा कंट्रोल युनिट बुडतो. मग गाडी मालकालाच ओळखत नाही.

इथे महाराष्ट्रात अशी गाडी घेणाऱ्याला पाण्याचं भय वेगळंच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून मुंबईची गाडी म्हटलं की मी आधी गालिचा उचलतो. सीटच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावरची मातकट रेघ, वायरच्या जोडांवरची हिरवी बुरशी, एवढं पुरतं. बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कागदांत आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, फॉर्म ३५ने उतरवलंय का ते वाहन पोर्टलवर बघा. गाडी दिल्ली-हरियाणाची असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स किती बसेल, हे भाव ठरवायच्या आधी काढा. स्वस्त पडलेली दिल्लीची गाडी त्या टॅक्सनंतर बऱ्याचदा मुंबईच्या भावाला येते. चासिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. पोर्शेत त्याचं दहावं अक्षर मॉडेलवर्ष सांगतं, ८ म्हणजे २००८, आणि अकरावं कारखाना, एस म्हणजे श्टुटगार्ट.

दुसरी कुठली गाडी असेल तर पद्धत हीच, दात फक्त वेगळ्या जागी. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ला मागच्या सबफ्रेमपाशी पत्र्याला तडे जातात, तिथे खाली झोपून बघायचं. मझदाच्या आरएक्स-८मध्ये रोटरी इंजिन, तिथे रोटरीसाठीच्या मीटरने कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय बोलणंच पुढे न्यायचं नाही. एमएक्स-५ला इंजिनाची काळजी नाही, गंजाची आहे. जी घ्यायची तिचं नेमकं दुखणं आधी शोधायचं, आणि तपासणी त्या कंपनीच्या गाड्या रोज खोलणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून करायची. विकणाऱ्याने सुचवलेल्याकडून नव्हे.

भाचा शनिवारी निळी गाडी बघायला गेला. मागे हात लावला तर गरम. "तुम्ही येणार म्हणून आत्ताच पेट्रोल भरून आणली," डॉक्टर म्हणाले. फाइलमध्ये शेवटच्या सात वर्षांत ऑइल बदलल्याची बिलं दोन. क्लच कधीच बदललेला नव्हता, म्हणजे बेअरिंगही मूळचंच. तो गोड बोलून परत आला, आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी जरा तुटकच बोलत होता.

मग नोव्हेंबरात दुसरी मिळाली. २००३ची, अठ्ठ्याण्णव हजार मैल, मालक शाळेत भूगोल शिकवणारे. फाइल इतकी जाड की रबरबँड तुटला होता. क्लच, बेअरिंग, मागचं सील एकाच बिलात. इंजिन ३,४०० तास, म्हणजे ताशी सुमारे २९ मैल. दुसऱ्या टप्प्यात १८८ ठिणग्या, अर्धा सेकंद, १,२१०व्या तासाला. त्याने ते विचारलं तर मास्तर हसले आणि म्हणाले, ती माझी बायको, वेल्समध्ये, पावसात. अजून त्यावरून घरात बोलणी होतात. कॅमेरा आत घातला, भिंती स्वच्छ.

गाडी घरी आली त्या रात्री भाच्याने फोटो पाठवला. करडी गाडी, आत बिस्किटी रंगाच्या सीट. खाली लिहिलं होतं, "मामा, सगळं बरोबर आहे. फक्त आतून ती शाळेच्या स्टाफरूमसारखी दिसते."